पहिला मावळा घडवताना: ९० मिलिमीटरच्या ऐतिहासिक पुतळ्याची घडण आणि रंगकाम

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडलेले मातीचे मावळे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. लालभडक फेटा, पिवळा अंगरखा, हातात सरळ काठीसारखी तलवार. किल्ल्यावर ते शोभतात. पण तोच मावळा जवळून बघण्यासारखा करायचा, त्याच्या बाहीला कोपराशी खऱ्या चुण्या पडल्या पाहिजेत, भाल्यावरची पकड खरी वाटली पाहिजे, असं मनात आलं की मामला बदलतो. हा लेख त्यासाठी आहे. शिल्पकलेचं शिक्षण नसलं तरी चालेल. संध्याकाळचा रिकामा तास, टेबलाचा एक कोपरा आणि थांबायची तयारी एवढं पुरे. थांबायची तयारी सगळ्यात महत्त्वाची, कारण या कामात निम्मा वेळ पुट्टी (पुतळा घडवायचं, मळल्यावर कडक होणारं लुकण) वाळण्याची वाट बघण्यात जातो आणि बहुतेक पहिले पुतळे तिथेच बिघडतात.

आधी माणूस ठरवा

‘एक मावळा’ करायचा असं ठरवून बसू नका. कोण, कुठे, कशासाठी उभा आहे ते ठरवा. आपण घेऊ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, गडावर पहाऱ्याला उभा असलेला पायदळातला शिपाई. उजव्या हातात भाला जमिनीला टेकवलेला, पाठीवर ढाल, कमरेला डाव्या बाजूला म्यानातली तलवार, डावा हात शेल्यावर. लढणारा, उडी मारणारा मावळा पहिल्या खेपेला नको. त्यात तोल सांभाळावा लागतो, उघडी बोटं करावी लागतात आणि ताणलेले स्नायू दाखवावे लागतात. पहारेकऱ्याच्या मुठी बंद असतात, ढालीमुळे पाठ झाकली जाते, फेट्यामुळे केस आणि बरेचदा कानही करावे लागत नाहीत. हा लबाडपणा नाही, शहाणपणा आहे.

संदर्भ गोळा करताना मालिका आणि कॅलेंडरं बाजूला ठेवा. मालिकांतले चामड्याचे मनगटपट्टे आणि छातीवरचे आडवेतिडवे बंद हे कपडेपटाचं काम असतं. समकालीन चित्रं मोजकी आहेत, पण आहेत. निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने मीर मुहम्मद नावाच्या चित्रकाराकडून १६८६ च्या आधी एक चित्रसंच करून घेतला. तो आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात घोड्यावरचे शिवाजी महाराज आणि त्यांच्याबरोबर चालणारे पायदळी शिपाई दिसतात. शिपायांची पागोटी, कमरेचे शेले, हत्यारं धरायची पद्धत हे सगळं तिथे बघा. हत्यारांसाठी पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. काचेसमोर उभं राहून तलवारीची मूठ तीन बाजूंनी रेखाटून घ्या, फोटोत जाडी कळत नाही.

दोन-तीन गोष्टी हमखास चुकतात. पेशवाईतली चक्री पगडी सतराव्या शतकातल्या शिपायाच्या डोक्यावर घालू नका, त्याला साधं गुंडाळलेलं पागोटं. सगळ्यांना एकसारखा भगवा पोशाखही नको, गणवेश ही नंतरची गोष्ट. आणि अंगरख्याचे बंद: त्या काळातल्या मुघल चित्रांत हिंदूंचे बंद डाव्या काखेखाली आणि मुसलमानांचे उजव्या काखेखाली बांधलेले दिसतात. आपल्या पहारेकऱ्याचे बंद डावीकडे ठेवा. बघणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ते कळणार नाही, दहाव्याला कळेल.

माप

पारंपरिक शिपायाचं माप ५४ मिलिमीटर. इंग्लंडच्या ब्रिटन कंपनीने १८९३ पासून शिशाचे पोकळ शिपाई या मापात काढले आणि ते रूढ झालं. आजचे छंदी लोक ७५ मिमीचे पुतळेही बरेच करतात. रंगवायला दोन्ही छान, पण स्वतः घडवायचा पहिला पुतळा याहून मोठा असावा. ५४ मिमीच्या पुतळ्याचं डोकं जेमतेम ७ मिमीचं भरतं, त्यात डोळ्याच्या पापण्या कोरणं म्हणजे शिक्षा. म्हणून आपण ९० मिमी घेऊ.

१६५ सेंटिमीटरचा माणूस ९० मिमीत आणायचा तर हिशेब सोपा आहे: खऱ्या वस्तूच्या सेंटिमीटरला ०.५५ ने गुणा, येतील ते मिलिमीटर. सव्वादोन मीटरचा भाला १२४ मिमी. १०५ सेंटिमीटरची तलवार ५८ मिमी. अर्ध्या मीटरची ढाल २७ मिमी. हे गणित टेबलासमोर चिकटवून ठेवा. हौशी पुतळ्यांत हत्यारं नेहमी जाड होतात. तीन मिलिमीटर जाडीचा भाला म्हणजे खऱ्या मापात साडेपाच सेंटिमीटरचा वासा!

आता माणसाची मापं, जमिनीपासून वर: गुडघा २५ मिमीवर, मांडीचा सांधा ४७ वर, कोपर ५७ वर, खांदा ७३–७४ वर, हनुवटी ७८ वर. डोकं १२ मिमी, म्हणजे पूर्ण उंची साडेसात डोक्यांची. पाऊल साधारण साडेतेरा मिमी लांब. नवशिक्यांच्या पुतळ्यांत पाऊल कायम छोटं आणि डोकं कायम मोठं असतं. खरं तर माणसाचं पाऊल त्याच्या डोक्याच्या उंचीपेक्षा लांब असतं. शंका आली तर आपलंच मोजा. एका कागदावर ९० मिमीची आकृती समोरून आणि बाजूने काढा. प्रत्येक टप्प्यावर पुतळा त्या कागदावर आडवा ठेवून पडताळायचा.

सामान

पुट्टीचे तीन प्रकार लागतील. आतल्या भरावाला हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील चालतं: स्वस्त, पटकन घट्ट होणारं, पण भरड. वरच्या कामाला मिलिपुट. हीसुद्धा दोन भागांची इपॉक्सी पुट्टी आहे. समसमान घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायची, मग तासभर आरामात काम करता येतं, तीन-चार तासांत कडक होते आणि ओल्या बोटाने गुळगुळीत होते. तिसरी ग्रीन स्टफ, चिवट आणि लवचिक. मिलिपुटमध्ये थोडी मिसळली तर कपड्याच्या धारा तुटत नाहीत. या पुट्ट्या आयात होतात, ऑनलाइन छंदाच्या दुकानांत मिळतात. शाडू यासाठी वापरू नका. या मापात मनगट तीन-चार मिलिमीटरचं असतं, ते तुटणारच.

सांगाड्याला सळया बांधायची काळी तार, साधारण एक मिलिमीटरची. बांधकामाच्या ठिकाणी चहापाण्याच्या भावात मिळते आणि हाताने वळते. अवजारं घरचीच: दोन जाड-बारीक सुया काडीत खोचलेल्या, गोल डोक्याची टाचणी, टूथपिक, कटरचं पातं, आणि सर्जिकलच्या दुकानातून दातांच्या डॉक्टरांची एखादी आकडी. मूर्तिकाराकडची बारीक कोरणी मिळाली तर दुधात साखर. टोकदार रबराचा कुंचला घेतलात तर पैसे वसूल होतात.

नायट्राइलचे हातमोजे मात्र हवेतच. कच्च्या इपॉक्सीने काहींच्या त्वचेला कायमची ॲलर्जी जडते. वाळलेली पुट्टी घासताना पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा आणि तोंडावर मास्क ठेवा, ती धूळ फुफ्फुसात जायला नको.

सांगाडा आणि उभं राहणं

एका तारेचे दोन पाय आणि कणा, दुसरी तार खांद्यांवरून दोन्ही हातांची. छातीपाशी पिळून फेव्हिक्विकचा थेंब. पायांच्या तारा टाचेखाली दोन सेंटिमीटर जास्त सोडा आणि त्या एका जाड बुचात खोचा. यापुढे पुतळ्याला हात लावायचा नाही, बुचालाच धरायचं.

तार सरळ असतानाच गुडघा, कोपर, कंबर यांच्या खुणा करा, मग वळवा. इथेच पुतळा जिवंत होतो किंवा खांबासारखा उभा राहतो. कोणीही माणूस तासभर पहाऱ्याला उभा राहिला की दोन्ही पायांवर सारखा भार ठेवत नाही. आपल्या शिपायाचा भार डाव्या पायावर: म्हणून डावा खुबा वर, डावा खांदा किंचित खाली. उजवा गुडघा सैल, उजवा हात भाल्यावर म्हणून उजवा खांदा वर. भाराच्या पायाचा घोटा गळ्याच्या खळगीच्या बरोबर खाली आला पाहिजे. दोरा धरून बघा, नाहीतर पुतळा पडतोय असं वाटत राहतं. आरशासमोर झाडू धरून उभे राहा. घरचे हसतील, पण कुठला खांदा वर जातो ते पुस्तकापेक्षा चांगलं कळेल.

मग छाती आणि ओटीपोट यांचे दोन अंड्यासारखे गोळे एम-सीलने बसवा, मधली कंबर मोकळी ठेवा. तारेला पुट्टी पकडावी म्हणून आधी हातापायांवर पातळ थर चोळून वाळू द्या. आज एवढंच. उठा.

उघडं शरीर

अंगरखा घालायचाच आहे तर आत शरीर कशाला, असं प्रत्येकाला वाटतं. कारण कापडाला स्वतःचा आकार नसतो. ते खांद्यावर लटकतं, पोटावर टेकतं, गुडघ्यावर ताणतं. आत खांदा नसेल तर चुण्या कुठून सुटणार? म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिलिपुटने मांड्या, पोटऱ्या, छाती, पाठ भरून घ्या. स्नायूंची बारकाई नको, वस्तुमान बरोबर हवं. शेवटी कपडे येणार म्हणून शरीर मापापेक्षा थोडं बारीकच ठेवा, कपड्यांची जाडी नंतर वाढते. पोटऱ्या आणि पावलं उघडी राहणार, तिथे मात्र वेळ द्या. सह्याद्री चढणाऱ्या माणसाची पोटरी आहे ती.

एक नियम कधीही मोडू नका: एका वेळी तेवढाच भाग करा, जेवढा धरायला जागा उरेल. पुढची बाजू केली, वाळली, मग पाठ. उत्साहाच्या भरात सगळीकडे ओली पुट्टी लावली की डावी बाजू करताना उजवी चेपते. घाई असेल तर साठ वॅटच्या साध्या पिवळ्या बल्बखाली थोड्या अंतरावर ठेवा, उबेने पुट्टी लवकर पकडते.

डोकं वेगळं

डोकं टूथपिकवर किंवा तारेवर स्वतंत्र करा, नंतर मानेत खोचा. आधी कवटीचा गोळा: १२ मिमी उंच, समोरून ८ रुंद, बाजूने साडेदहा खोल. बाजूची खोली सगळे विसरतात आणि चेहरा नाण्यासारखा चपटा होतो. हा गोळा वाळू द्या.

डोळ्यांची रेघ डोक्याच्या बरोबर मध्यावर येते, कपाळाच्या जवळ नाही. वाळलेल्या गोळ्यावर पातळ थर द्या, गोल टाचणीने दोन खळगे दाबा, मध्ये नाकाची छोटी वात बसवा, बाजू मिसळून टाका. खळग्यांत खसखशीएवढे दोन गोळे बुबुळांसाठी, आणि थांबा. ते कडक झाल्यावरच पापण्या: केसासारखी बारीक वात वर आणि खाली, सुईने जागेवर सारायची. बुबुळ ओलं असताना पापणी लावलीत तर दोन्ही जातात. गालफडं, ओठ, हनुवटी त्याच पद्धतीने. ओठ जमले नाहीत तर मिश्या आहेतच, मराठी शिपाई घडवण्यातली ही मोठीच सवलत. मिशीची वात चिकटवून सुईने केसांच्या रेघा ओढा, पण समांतर नको, एकमेकींत शिरणाऱ्या.

पागोट्यासाठी पुट्टी टाल्कम पावडर टाकून प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटा, अर्धी वाळू द्या, पट्ट्या कापा, सैल पिळा आणि डोक्याभोवती तिरक्या गुंडाळा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याखालून निघालेला दिसला पाहिजे. गोल गोल समांतर वेढे घातले की मधमाश्यांचं पोळं दिसतं.

कपडे, हत्यारं

चुण्यांचा कायदा एकच: चुणी कुठल्यातरी ताणाच्या बिंदूपासून सुटते. खांद्यापासून, वळलेल्या कोपराच्या आतल्या बाजूपासून, शेल्याने आवळलेल्या कमरेपासून, मांड्यांच्या सांध्यापासून. वर केलेल्या उजव्या बाहीवर चुण्या कोपराकडून खांद्याकडे जातील, खाली सैल सोडलेल्या घेरावर उभ्या पडतील. मनाला येईल तिथे रेघा ओढू नका. एक जुना सुती सदरा अंगात घालून, कमरेला उपरणं आवळून, मोबाईलवर फोटो काढा आणि तेच समोर ठेवा. आधी चोळणा (विजार), मग अंगरखा, मग शेला, म्हणजे खरा माणूस ज्या क्रमाने घालेल तोच क्रम. प्रत्येकाच्या मध्ये वाळायचा वेळ.

भाल्याच्या दांड्याला उदबत्तीची काडी घ्या. पाण्यात भिजवून मसाला खरवडून काढा. ती बांबूचीच आणि साधारण दीड मिलिमीटरची, म्हणजे माप आणि वस्तू दोन्ही खरी. पातं पुट्टीचं किंवा थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याचं. हात करताना आधी तळव्याची छोटी पाटी तारेवर बसवून वाळू द्या, मग काडी जागेवर ठेवून बोटांच्या चार वाता एकेक करून तिच्याभोवती वळवा, अंगठा शेवटी. काडीला आधी व्हॅसलीनचं बोट फिरवलंत तर नंतर ती ओढून काढून वेगळी रंगवता येते.

ढाल: चमच्याच्या पाठीला खोबरेल तेल लावून त्यावर पुट्टीची चकती दाबा, वाळली की सोडवा, कडा घासा. पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण ३० मिमीचं असतं, आखायला तेच घ्या. त्या काळातल्या चामडी ढालीवर धातूची चार फुलं असतात, ती चार चपटे ठिपके लावून येतात. तलवार म्यानात असल्यामुळे पात्याची चिंता नाही. धोपेचं, म्हणजे मराठ्यांच्या लांब तलवारीचं, पातं जवळजवळ सरळ, तेव्हा म्यानही सरळच. मुठीला मात्र वेळ द्या. हाताचं रक्षण करणारी पाटी, वरची वाटी आणि तिच्यातून निघालेला खुंट या तीन गोष्टी दिसल्या की जाणकार खूश.

रंगाआधी

पुतळा साबणाच्या पाण्याने मऊ दातब्रशने धुवा, दिवसभर वाळू द्या. बोटांचं तेल आणि व्हॅसलीन राहिलं की प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, सोलून निघतो. राखाडी मॅट प्रायमरचे दोन-तीन अगदी हलके हात द्या, एक जाड हात दिलात तर कोरलेल्या पापण्या बुजतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात स्प्रेचा डबा उघडूच नका, दमट हवेत थर पांढुरका आणि खरखरीत बसतो. तेव्हा ब्रशने लावायचा प्रायमर घ्या. राखाडी थर वाळला की बोटांचे ठसे, भेगा, सांधे असे दोष एकदम दिसायला लागतात. ते भरून, घासून पुन्हा हात द्या. या टप्प्याचा कंटाळा येतो, पण रंगाने दोष झाकले जात नाहीत, ठळक होतात.

रंगकाम

व्हॅलेहोसारखे छंदासाठीचे ॲक्रिलिक उत्तम, पण कॅम्लिनच्या ॲक्रिलिकवरही पहिला पुतळा व्यवस्थित होतो. पाण्याने दुधाइतका पातळ करा आणि दोन-तीन हात द्या. ब्रशबद्दल एक गैरसमज: सगळे तीन शून्याचा, म्हणजे अगदी बारीक, ब्रश घेतात. त्याच्या टोकावरचा रंग पुतळ्यापर्यंत पोहोचेस्तोवर वाळतो. चांगल्या टोकाचा एक किंवा दोन नंबर घ्या, टोक बारीक असलं की झालं. रंग ओला राहावा म्हणून पसरट डब्यात ओला टिश्यू आणि त्यावर बेकिंगचा कागद पसरा, त्यावर रंग कालवा. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही चालतो.

सुरुवात चेहऱ्यापासून, चेहऱ्यात डोळ्यांपासून. डोळ्याला शुद्ध पांढरा कधीच नाही, फिकट राखाडी-बदामी. बाहुली वरच्या पापणीला चिकटलेली हवी, चहूबाजूंनी पांढरं दिसलं की शिपाई भूत बघितल्यासारखा दिसतो. दोन्ही डोळे किंचित एका बाजूला बघताना रंगवा, तिरळेपणाचा धोका कमी होतो. वरच्या पापणीला गडद तपकिरी रेघ.

कातडीसाठी बाटलीबंद ‘फ्लेश’ घेऊ नका, तो बहुधा गोऱ्या युरोपीय चेहऱ्यासाठी असतो. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) यांचं मिश्रण, त्यात थोडा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) हा पाया. सावलीला अंबर वाढवा आणि अल्ट्रामरीनचा (गडद निळ्याचा) ठिपका टाका: डोळ्यांचे खळगे, नाकाखाली, गालाखाली, पागोट्याच्या कडेला. उजेडाला ऑकर वाढवा आणि पांढरा अगदी चिमूटभर. सावळ्या कातडीत पांढरा जास्त पडला की चेहरा राख फासल्यासारखा होतो. नाकाचा शेंडा, गालाचं हाड, कपाळ उजळा, खालच्या ओठाला आणि गालांना किंचित तांबूस. दाढीच्या जागी मूळ रंगात राखाडी-निळसर मिसळून पातळ हात दिला की दोन दिवसांची वाढलेली दाढी दिसते. पहारेकऱ्याला ती शोभते.

कपड्यांचे रंग त्या काळातल्या रंगाऱ्याकडे होते तेवढेच: नीळ, मंजिष्ठेचा तांबडा, हळदीचा पिवळा, कुसुंब्याचा गुलाबी-केशरी, लोखंडाचा काळा. झगझगीत जांभळा नको. कृत्रिम जांभळा रंग १८५६ मध्ये सापडला, त्यानंतर असे भडक रंग बाजारात आले. आपल्या शिपायाला वापरलेला पांढरा अंगरखा, विटलेलं तांबडं पागोटं आणि निळा शेला द्या. पांढरा कपडा पांढऱ्याने सुरू होत नाही. पाया बदामी-राखाडी, मग चुण्यांचे माथे एकेक पायरी उजळत न्या, शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर एखाद-दोन ठिकाणी. तांबड्याला पांढऱ्याने उजळवू नका, गुलाबी होतं. केशरी किंवा ऑकर मिसळा. सावलीत काळ्याऐवजी गडद हिरव्याचा थेंब टाकून बघा.

भाल्याचं पातं: काळ्यावर पोलादी धातूरंग, वर काळ्या-तपकिरी पातळ रंगाचा हात, शेवटी फक्त धारेवर चांदीची रेघ. ढाल काळसर तपकिरी, फुलं पितळी. रक्त नको. पहाऱ्यावरचा माणूस आहे.

पायाखालची जमीन

गड बेसॉल्टचा, तेव्हा खडक काळपट राखाडी. बुचाच्या सालीचा किंवा पुट्टीचा खडक करा, गडद रंगावर कोरड्या ब्रशने फिकट राखाडी-तपकिरी घासा. बागेतली माती चाळून तव्यावर भाजून घ्या, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते, मग पातळ फेव्हिकॉलवर भुरभुरा. गवताला सुतळीचे धागे कापून झुपके लावा. उन्हाळा असेल तर तसेच पिवळट राहू द्या, श्रावण असेल तर हिरवे करा, पण मग पोटऱ्यांपर्यंत चिखल हवा. कोरड्या ऋतूत घोट्यांवर आणि चोळण्याच्या कडेला मातीचाच रंग धुळीसारखा पातळ फिरवा, म्हणजे माणूस आणि जमीन एकाच जागचे वाटतात.

शेवटी मॅट वॉर्निशचे दोन पातळ हात. ते पूर्ण वाळल्यावर ढालीवर तकतकीत वॉर्निश, डोळ्यांत आणि खालच्या ओठावर त्याचाच टाचणीच्या टोकाएवढा थेंब. पायाखालच्या तारा लाकडी बैठकीत भोक पाडून अराल्डाइटने बसवा, आणि बैठकीच्या तळाला पेन्सिलने तारीख आणि रंगांची मिश्रणं लिहून ठेवा. दुसऱ्या शिपायाची कातडी कालवताना ती लागतील.